युरोपीय शाळा

युरोपीय शाळा (लॅटिन नाव : स्कोला युरोपेआ) ही युरोपीय संघाच्या संस्थांमध्ये काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी सदस्य-राष्ट्रांनी संयुक्तपणे चालविलेली शालेय शिक्षणाची व्यवस्था आहे. एकाच आवारात अनेक भाषाविभाग असणे, प्रत्येक मुलाने मुख्यतः स्वतःच्या मातृभाषेत शिकणे आणि प्राथमिक पहिलीपासूनच दुसरी एक भाषा आत्मसात करणे, ही या शाळांची ठळक वैशिष्ट्ये होत. पहिली शाळा १९५३ मध्ये लक्झेंबर्ग येथे सुरू झाली. आज बेल्जियम, लक्झेंबर्ग, जर्मनी, नेदरलँड्स, इटली आणि स्पेन या सहा देशांत मिळून अशा १३ शाळा आहेत. २०२० च्या दशकाच्या आरंभी त्यांतील विद्यार्थिसंख्या सुमारे २८ हजार होती.

ब्रिटिश राजवटीत भारतात युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी ज्या ‘युरोपियन स्कूल’ नावाच्या शाळा होत्या, त्यांच्याशी प्रस्तुत व्यवस्थेचा काहीही संबंध नाही. तसेच बर्लिन शहरातील ‘शासकीय युरोपा शाळा’ हा १९९२ मध्ये सुरू झालेला द्वैभाषिक शाळांचा उपक्रमही वेगळा आहे.

== उगम ==

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी १९५१ मध्ये पॅरिस येथे करार करून ‘युरोपीय कोळसा व पोलाद समुदाय’ स्थापन केला. १९५२ मध्ये त्याचे कामकाज लक्झेंबर्ग शहरात सुरू झाले आणि सहा देशांतील अधिकारी, भाषांतरकार, टंकलेखक आपापल्या कुटुंबांसह तेथे राहावयास आले. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो मुलांच्या शाळेचा. लक्झेंबर्गच्या स्थानिक शाळेत मुलाला प्रारंभी जर्मनमध्ये आणि पुढे फ्रेंचमध्ये शिकावे लागे. इटालियन किंवा डच घरातील सहा-सात वर्षांच्या मुलाला हे जड जाणारे होते. शिवाय वडिलांची नोकरी संपून कुटुंब मायदेशी परतले, तर तेथील शाळेत त्या मुलाचा निभाव कसा लागावा, हीही चिंता होती.

या पालकांनी एक संघटना उभारली. समुदायाच्या न्यायालयाचे निबंधक असलेले बेल्जियन अधिकारी आल्बेर व्हान हूट हे तिचे अध्यक्ष होते. १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये या संघटनेने शाळा सुरू केली. सहा राष्ट्रांच्या शिक्षणखात्यांनी तिला शिक्षक पुरविण्याचे मान्य केले. एरवी शिक्षण हा प्रत्येक राष्ट्राचा जिव्हाळ्याचा व अधिकाराचा विषय. इतिहास कोणता शिकवावा, धर्मशिक्षण द्यावे की नाही, वाचन कोणत्या वयात सुरू करावे, यांबाबत या सहांत एकवाक्यता नव्हती. आणि त्यांतील काही राष्ट्रे अवघ्या आठ वर्षांपूर्वी परस्परांशी युद्ध करीत होती. त्या पार्श्वभूमीवर पालकांच्या पुढाकारातून निघालेल्या एका छोट्या शाळेला सहा सरकारांनी सामाईक अभ्यासक्रम मान्य करावा, ही घटना असाधारण म्हटली पाहिजे.

१९५७ च्या एप्रिल महिन्यात सहा राष्ट्रांनी या शाळेच्या संविधीवर स्वाक्षऱ्या केल्या आणि खाजगी प्रयत्नातून जन्मलेली शाळा आंतरसरकारी संस्था झाली. १९५९ मध्ये ‘युरोपीय बॅकॅलोरिएट’ ही शालान्त परीक्षा प्रथम घेण्यात आली. सर्व सदस्य-राष्ट्रांतील विद्यापीठे ही परीक्षा प्रवेशासाठी ग्राह्य धरतात.

== विस्तार ==

शाळांचा नकाशा पाहिला की युरोपीय संस्था कोठे कोठे वसल्या याचा अंदाज येतो. ब्रसेल्समधील पहिली शाळा १९५८ मध्ये निघाली. युरोपीय अणुऊर्जा समुदायाची संशोधन केंद्रे ज्या गावांजवळ उभी राहिली, त्या मोल (बेल्जियम, १९६०), व्हारेसे (इटली, १९६०), कार्ल्सरूह (जर्मनी, १९६२) आणि बेर्खेन (नेदरलँड्स, १९६३) येथे नंतरच्या शाळा आल्या. म्युनिक येथील शाळा (१९७७) युरोपीय पेटंट कार्यालयामुळे, फ्रँकफुर्टची (२००२) युरोपीय मध्यवर्ती बँकेमुळे, तर स्पेनमधील आलिकांतेची (२००२) व्यापारचिन्हांच्या नोंदणी कार्यालयामुळे निघाली. इंग्लंडमध्ये कल्हम येथे अणुसंमीलन प्रकल्पासाठी १९७८ मध्ये सुरू झालेली शाळा २०१७ मध्ये बंद झाली. ब्रसेल्समध्ये आता चार आणि लक्झेंबर्गमध्ये दोन शाळा आहेत, तरीही ब्रसेल्समध्ये जागा अपुऱ्या पडतात आणि घराजवळच्या शाळेत प्रवेश मिळेलच अशी खात्री पालकांना देता येत नाही.

१९९४ मध्ये जुन्या संविधीच्या जागी नवा करार झाला. तो २००२ मध्ये अमलात आला. त्यानुसार सर्व शाळांवर एका नियामक मंडळाची देखरेख असते. त्यात सदस्य-राष्ट्रांचे व युरोपीय आयोगाचे प्रतिनिधी असतात. शिक्षक, पालक व विद्यार्थी यांनाही स्थान आहे. खर्चाचा निम्म्याहून अधिक भार युरोपीय संघाचा अर्थसंकल्प उचलतो. सदस्य-राष्ट्रे आपल्याकडून प्रतिनियुक्तीवर पाठविलेल्या शिक्षकांचे राष्ट्रीय वेतन देतात.

== भाषाविभाग आणि मातृभाषेचे स्थान ==

शालेय शिक्षणाचे तीन टप्पे आहेत : चौथ्या वर्षापासून दोन वर्षांचा बालवर्ग, त्यानंतर पाच वर्षांची प्राथमिक शाळा आणि सात वर्षांची माध्यमिक शाळा. प्रवेशाच्या वेळी मुलाची ‘प्रथम भाषा’ निश्चित केली जाते व त्या भाषेच्या विभागात त्याला बसविले जाते. फ्रेंच विभागातील मूल फ्रेंचमध्ये वाचू-लिहू लागते, गणितही फ्रेंचमध्येच करते. शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम जर्मन किंवा इटालियन भाषेत चालू असतो.

प्रथम भाषा ठरविण्याचा अधिकार पालकांच्या मर्जीवर सोडलेला नाही. मूल ज्या भाषेत सर्वांत सहजतेने बोलते व विचार करते, ती त्याची प्रथम भाषा, असा नियम आहे. शंका असल्यास शाळा भाषाचाचणी घेते. एकदा ठरलेली प्रथम भाषा सबळ शैक्षणिक कारणावाचून बदलता येत नाही. हा नियम कडक वाटला तरी त्यामागे अनुभव आहे. घरात दुसरीच भाषा बोलली जात असतानाही मुलाला इंग्रजी विभागात घालण्याची ओढ पालकांना असते. मोठ्या भाषेचे माध्यम म्हणजे उज्ज्वल भवितव्य, ही समजूत केवळ महाराष्ट्रातच आहे असे नव्हे.

मातृभाषेत पक्के झालेले वाचनकौशल्य दुसऱ्या भाषेत शिकताना वाया जात नाही, उलट उपयोगीच पडते, हे तत्त्व कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास ‘परस्परावलंबन’ या नावाने मांडले. अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध काय असतो, गोष्टीत आधी काय व नंतर काय घडते, मजकुरातून अर्थ कसा काढायचा, या गोष्टी मूल एकदाच शिकते. नव्या भाषेत त्याला केवळ नवे शब्द व नवी वाक्यरचना शिकावी लागते. युरोपीय शाळांची रचना या सिद्धान्ताच्या पाव शतक आधीची आहे. ती संशोधनातून नव्हे, तर परतीची वाट मोकळी राहावी या पालकांच्या व्यावहारिक गरजेतून घडली. नंतरच्या संशोधनाने तिला शास्त्रीय बैठक दिली एवढेच.

== द्वितीय भाषा ==

प्राथमिक पहिलीपासून प्रत्येक मूल दुसरी भाषा शिकू लागते. प्रारंभी त्यासाठी फ्रेंच व जर्मन या दोनच भाषा होत्या. १९७३ मध्ये ब्रिटन व आयर्लंड युरोपीय समुदायात आल्यावर इंग्रजीची भर पडली. अलीकडच्या काळात यजमान देशाची भाषाही काही अटींवर निवडता येते.

द्वितीय भाषेची तासिका रोज असते. ती भाषा जिची मातृभाषा आहे असाच शिक्षक शक्यतो ती शिकवितो आणि त्या तासाला वेगवेगळ्या विभागांतील मुले एकत्र येतात. इटालियन विभागातील मुलगी व जर्मन विभागातील मुलगा फ्रेंच शिकण्यासाठी एका बाकावर बसतात. दोघांची समान भाषा तीच असल्यामुळे, खोडरबर मागायचे असले तरी ते फ्रेंचमध्येच मागावे लागते. भाषा अशा प्रकारे पाठ्यपुस्तकातून बाहेर पडून व्यवहारात येते.

प्राथमिक तिसरीपासून पाचवीपर्यंत ‘युरोपीय तास’ नावाचा एक उपक्रम आठवड्याच्या वेळापत्रकात असतो. यात निरनिराळ्या विभागांतील मुलांचे मिश्र गट करून हस्तकला, स्वयंपाक, नाट्य, खेळ यांसारखे कार्यक्रम घेतले जातात. या तासांत परीक्षेचा संबंध नसतो. आपापल्या विभागाच्या भिंतींआड वाढणारी मुले एकमेकांना ओळखू लागावीत, हा हेतू. तो कितपत साधतो याविषयी शाळांमध्येच मतभेद आहेत; मैदानावर मुले मधल्या सुट्टीत पुन्हा आपापल्या भाषेच्या घोळक्यात जातात, असे निरीक्षण वारंवार नोंदविले गेले आहे.

द्वितीय भाषा हळूहळू विषयाची माध्यमभाषा बनते. माध्यमिक तिसरीपासून इतिहास व भूगोल हे विषय द्वितीय भाषेतून शिकविले जातात. गणित आणि विज्ञान मात्र शेवटपर्यंत प्रथम भाषेतच राहतात. महाराष्ट्रातील ‘सेमी इंग्रजी’ पद्धतीत याच्या नेमके उलट घडते : तेथे गणित व विज्ञान इंग्रजीत आणि इतिहास-भूगोल मराठीत असतात. युरोपीय शाळांच्या मांडणीमागील विचार असा की, अवघड अमूर्त संकल्पना मुलाच्या सर्वांत पक्क्या भाषेत याव्यात. इतिहास इतरांच्या भाषेत, इतर देशांच्या मुलांसह शिकल्याने स्वतःच्या राष्ट्राकडे बाहेरून पाहण्याची सवय लागते, असेही सांगितले जाते.

या पद्धतीच्या परिणामांचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ ह्यूगो बायटेन्स बिअर्ड्समोर यांनी केला. १९८५ मध्ये त्यांनी व मेरिल स्वेन यांनी ब्रसेल्समधील युरोपीय शाळेतील १३-१४ वर्षांच्या विद्यार्थ्यांची तुलना कॅनडातील फ्रेंच निमज्जन वर्गांतील विद्यार्थ्यांशी केली. निमज्जन पद्धतीत इंग्रजी घरातील मुलांना जवळजवळ सर्व विषय फ्रेंचमधून शिकविले जातात. कॅनडातील मुलांना तोवर वर्गात फ्रेंचचे सुमारे ४५०० तास मिळाले होते, ब्रसेल्समधील मुलांना सुमारे १३०० तास. तरीही दोन्ही गटांची फ्रेंचमधील गती जवळपास सारखी आढळली. फरकाचे कारण शाळेच्या फाटकाबाहेर होते. ब्रसेल्समध्ये फ्रेंच रस्त्यावर, दुकानात, ट्राममध्ये ऐकू येते आणि शाळेच्या आवारातही वेगवेगळ्या देशांची मुले तिचा वापर करतात. कॅनडातील मुलांची फ्रेंच बहुधा वर्गातच राहत असे.

== भाषाविभाग नसलेली मुले ==

युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा आता २४ आहेत. प्रत्येक शाळेत प्रत्येक भाषेचा विभाग उघडण्याइतकी मुले नसतात. एखाद्या शाळेत लिथुएनियन किंवा स्लोव्हेनियन मुले मोजकीच असतात. अशा ‘विभागरहित’ मुलांना फ्रेंच, जर्मन किंवा इंग्रजी विभागात प्रवेश दिला जातो. ती भाषाच त्यांची द्वितीय भाषा ठरते. त्यांची मातृभाषा प्रथम भाषा म्हणून अभ्यासक्रमात राहते व तिचा स्वतंत्र शिक्षक नेमला जातो; मात्र तिचे शिक्षण ठरावीक तासिकांपुरतेच असते.

म्हणजे ज्या तत्त्वावर ही व्यवस्था उभी आहे, मातृभाषेतून शिक्षण, ते याच मुलांच्या वाट्याला पूर्णपणे येत नाही. सहा वर्षांचे मूल पहिल्याच दिवसापासून परक्या भाषेत गणित व परिसराचा अभ्यास करते आणि त्याच वेळी शेजारी बसलेली मुले मात्र आपल्या मातृभाषेत शिकत असतात. अशा मुलांना पहिल्या वर्षी जादा भाषासाहाय्य देण्याची तरतूद आहे. आयर्लंड व माल्टा येथील मुले इंग्रजी विभागात बसतात. आयरिश किंवा माल्टीज त्यांना ‘अन्य राष्ट्रीय भाषा’ म्हणून शिकता येते.

== वैयक्तिक गरजांनुसार साहाय्य ==

आरंभीच्या दशकांत या शाळांचा अभ्यासक्रम सर्वांना एकच होता आणि जे मूल मागे पडेल त्याला वर्ग पुन्हा करावा लागे किंवा शाळा सोडावी लागे. पुढे विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांसाठी तरतुदी होत गेल्या. सध्याची रचना नियामक मंडळाने २०१२ मध्ये मंजूर केलेल्या धोरणावर आधारलेली आहे.

या धोरणानुसार पहिली जबाबदारी वर्गशिक्षकाची आहे. एकाच धड्यासाठी निरनिराळ्या काठिण्याची कामे देणे, सूचना चित्रांच्या साहाय्याने सांगणे, लिहिण्याऐवजी तोंडी उत्तर स्वीकारणे, अशा रीतीने शिकविण्यात विविधता आणणे अपेक्षित असते. तेवढ्याने भागले नाही तर साहाय्याच्या पायऱ्या सुरू होतात. ‘सर्वसाधारण साहाय्य’ हे एखाद्या विषयात तात्पुरती अडचण आलेल्या, आजारपणामुळे मागे पडलेल्या किंवा उशिरा शाळेत आलेल्या मुलांसाठी असून ते लहान गटात व थोड्या काळापुरते दिले जाते. ‘मध्यम साहाय्य’ थोडे अधिक काळ चालते. त्यात प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक अध्ययन आराखडा तयार होतो. त्यापुढील ‘गहन साहाय्य’ दोन प्रकारचे आहे. ‘अ’ प्रकार निदान झालेल्या विशेष गरजांसाठी आहे. त्या गरजा अध्ययनाच्या असोत, शारीरिक असोत वा भावनिक व वर्तनविषयक असोत. त्यासाठी तज्ज्ञांचा अहवाल लागतो, साहाय्यक सल्लागार गटाची बैठक होते आणि शाळेचे संचालक व पालक यांच्यात लेखी करार होतो. ‘ब’ प्रकार निदानाशी निगडित नसलेल्या, अपवादात्मक व अल्पकालीन गरजांसाठी, विशेषतः वर्गाची भाषाच न येणाऱ्या मुलांसाठी, असतो.

हा शेवटचा भेद कागदावर सोपा व वर्गात अतिशय कठीण आहे. दुसरीतील एखादे मूल वाचताना अडखळते. त्याचे कारण त्याला ती भाषा पुरेशी येत नाही हे असेल, किंवा त्याला वाचन अक्षमता असेल, किंवा दोन्ही. शिक्षकाने घाईने अक्षमतेचा शिक्का मारला तर निव्वळ भाषेच्या अपरिचयामुळे मागे असलेले मूल कायमचे ‘मंद’ ठरते. उलट ‘भाषा आली की वाचेल’ म्हणून वाट पाहत राहिले तर खऱ्या अक्षमतेच्या मुलाची मोलाची दोन-तीन वर्षे जातात. यावरचा विश्वसनीय मार्ग म्हणजे मुलाची तपासणी त्याच्या मातृभाषेत करणे. ध्वनी ओळखणे, शब्द जोडणे-तोडणे या बाबतींत ते स्वतःच्या भाषेतही अडखळत असेल तर अडचण भाषेची नाही. अनेक भाषाविभाग एकाच आवारात असल्यामुळे युरोपीय शाळेत मातृभाषा जाणणारा शिक्षक मिळण्याची शक्यता इतर शाळांपेक्षा अधिक असते. विभागरहित मुलांच्या बाबतीत मात्र तीही मर्यादित.

भाषेनुसार वाचन अक्षमतेचे बाह्य रूपही बदलते. इटालियनमध्ये अक्षर व उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ आहे. इंग्रजी व फ्रेंचमध्ये ते गुंतागुंतीचे आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात इटालियन, फ्रेंच व इंग्रजी भाषक प्रौढ वाचन-अक्षम व्यक्तींच्या मेंदूच्या प्रतिमा तपासण्यात आल्या. वाचताना मेंदूच्या एकाच भागातील क्रियाशीलता तिन्ही गटांत कमी आढळली. तरी इटालियन व्यक्तींचे वाचन इतरांहून अधिक अचूक होते. त्यामुळे इटालियन विभागात बऱ्यापैकी वाचणाऱ्या मुलाची अडचण द्वितीय भाषा म्हणून इंग्रजी सुरू झाल्यावर एकाएकी उघडी पडू शकते. देवनागरीत उच्चार व लेखन यांचे नाते जवळचे असल्याने मराठी शिकणाऱ्या मुलांच्या शिक्षकांनाही हा मुद्दा विचारार्ह वाटेल.

अशा मुलांची दुसरी भाषा बंद करावी, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. त्याला पुरेसा आधार नाही. कॅनडातील निमज्जन वर्गांवरील फ्रेड जेनेसी यांच्या संशोधनात असे दिसले की, सर्वसाधारणपेक्षा कमी शैक्षणिक क्षमतेची मुले निमज्जन वर्गात मागे राहतात हे खरे. परंतु केवळ इंग्रजीत शिकणारी तशीच मुले मातृभाषेत व गणितात त्यांच्यापेक्षा पुढे नव्हती. दुसऱ्या भाषेमुळे त्यांची हानी झाली नव्हती, आणि ती भाषा मात्र त्यांना मिळाली होती.

गहन साहाय्य घेणाऱ्या मुलाचा अभ्यासक्रम आवश्यकतेनुसार बदलता येतो. अशा वेळी ते ‘उत्तीर्ण’ होऊन नव्हे, तर समवयस्कांबरोबर ‘पुढे जाऊन’ वरच्या वर्गात बसते. मूल आपल्या सवंगड्यांपासून तुटत नाही, हा या तरतुदीचा मोठा गुण होय. वाक्-उपचार, हालचालींचे उपचार यांसारख्या सेवा शाळेच्या आवारात मिळू शकतात. त्यासाठी शाळा, पालक व उपचारतज्ज्ञ असा त्रिपक्षीय करार होतो आणि त्यांचा खर्च शाळा करीत नाही.

== समावेशनावरील टीका ==

युरोपीय शाळांवरील सर्वांत गंभीर टीका दिव्यांग मुलांसंबंधी आहे. युरोपीय संघाने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला २०१० च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली. या कराराच्या २४ व्या कलमानुसार कोणत्याही मुलाला दिव्यांगतेच्या कारणावरून सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेबाहेर ठेवता येत नाही. मात्र युरोपीय शाळांच्या नियमांत, मुलाच्या गरजा पूर्ण करणे आपल्याला शक्य नाही असे शाळेला जाहीर करता येत होते. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने युरोपीय संघाचा आढावा घेताना यावर बोट ठेवले आणि सर्व दिव्यांग विद्यार्थ्यांना वाजवी सोयी मिळत नाहीत याबद्दल चिंता व्यक्त केली.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेने युरोपीय दिव्यांग मंचाच्या साथीने एक अहवाल प्रसिद्ध केला. काही मुलांना प्रवेश नाकारला गेला आणि काहींच्या पालकांना मूल दुसरीकडे न्यावे असे सुचविले गेले, असे त्यात म्हटले होते. ज्यांना प्रवेश मिळाला, त्यांच्यापुढेही बॅकॅलोरिएट हे एकच प्रमाणपत्र होते. त्यासाठी शेवटच्या दोन वर्षांचा संपूर्ण अभ्यासक्रम, त्यातील भाषांसह, पुरा करणे बंधनकारक आहे. अभ्यासक्रमात बदल करून शिकलेल्या मुलाच्या हाती शेवटी कोणते प्रमाणपत्र द्यायचे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहत होता. या टीकेनंतर नियामक मंडळाने समावेशक शिक्षणासाठी कृती आराखडा हाती घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. परदेशात नोकरी करणाऱ्या पालकाला युरोपीय शाळेखेरीज सहसा दोनच वाटा उरतात : मुलाला अपरिचित भाषेतील स्थानिक शाळेत घालणे, किंवा महागड्या खाजगी आंतरराष्ट्रीय शाळेचे शुल्क भरणे. ग्रीक बोलणाऱ्या, स्वमग्नता असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला ब्रसेल्समधील डच किंवा फ्रेंच माध्यमाची विशेष शाळा सुचविली जाते तेव्हा, ज्याला संवादच मुळात अवघड आहे त्याला नव्या भाषेचे ओझे दिले जाते. काही वेळा यातून कुटुंब दुभंगते. एक पालक मुलासह मायदेशी परततो.

== इतर वाद ==

या शाळांत प्रवेशाचे तीन वर्ग आहेत. युरोपीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना पहिला हक्क असतो व त्यांना शुल्क नसते. ज्या संस्थांनी शाळेशी करार केला आहे त्यांच्या कर्मचाऱ्यांची मुले दुसऱ्या वर्गात येतात. इतरांना जागा उरल्यास, शुल्क भरून प्रवेश मिळतो. सार्वजनिक पैशावर चालणारी ही व्यवस्था एका नोकरदार वर्गापुरती मर्यादित असल्याची टीका म्हणूनच होत आली आहे. ब्रसेल्समधील पहिल्या शाळेत शिकलेल्यांत युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लेयेन आणि ब्रिटनला संघातून बाहेर काढणारे पंतप्रधान बोरिस जॉन्सन असे दोघेही आहेत. एकाच शाळेतून सारखे विचार घेऊन मुले बाहेर पडतात असे मानणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसे आहे.

ब्रिटनच्या बहिर्गमनाने एक व्यावहारिक अडचण निर्माण केली. इंग्रजी ही बहुसंख्य विद्यार्थ्यांची द्वितीय किंवा तृतीय भाषा असताना ब्रिटनने प्रतिनियुक्तीवर पाठविलेले शिक्षक परत गेले. २०२०-२१ हे शैक्षणिक वर्ष संपताच ब्रिटनचा शाळांच्या करारातील सहभागही संपला. रिकाम्या झालेल्या जागा स्थानिक पातळीवर भरती केलेल्या शिक्षकांनी आणि आयर्लंडसह इतर देशांनी पाठविलेल्या शिक्षकांनी भरून काढाव्या लागल्या.

== मान्यताप्राप्त शाळा ==

या टीकेला दिलेले एक उत्तर म्हणजे ‘मान्यताप्राप्त युरोपीय शाळा’. २००५ पासून सदस्य-राष्ट्रांच्या राष्ट्रीय शाळांना हा अभ्यासक्रम व बॅकॅलोरिएट स्वीकारण्याची मुभा देण्यात आली. त्या शाळांचा कारभार व खर्च त्या त्या देशाकडे राहतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण असलेल्या पार्मा (इटली) येथील शाळा यात पहिली. त्यानंतर हेलसिंकी, हेराक्लिऑन, स्ट्रासबर्ग, द हेग, टॅलिन, कोपनहेगन आदी ठिकाणी अशा शाळा निघाल्या.

यात लक्झेंबर्गचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्या देशाच्या सार्वजनिक प्राथमिक शाळांत मुले परंपरेने जर्मनमध्ये वाचन-लेखन शिकतात. लक्झेंबर्गिश ही जर्मनशी जवळचे नाते असलेली भाषा असल्याने स्थानिक घरांना ते सोयीचे होते. पण लोकसंख्येत मोठे प्रमाण असलेल्या पोर्तुगीज स्थलांतरितांच्या मुलांना ते कठीण जाते, आणि त्याचा परिणाम त्यांच्या पुढील शिक्षणावर दिसतो. २०१६ मध्ये शासनाने दिफेरदांज या दक्षिणेकडील औद्योगिक शहरात मान्यताप्राप्त युरोपीय शाळा स्वतःच सुरू केली. तेथे प्राथमिक स्तरावर फ्रेंच, जर्मन व इंग्रजी असे विभाग असून प्रवेशासाठी पालक युरोपीय संस्थेचे कर्मचारी असण्याची अट नाही आणि शुल्कही घेतले जात नाही. त्यानंतर देशाच्या इतर भागांतही याच धर्तीवर सार्वजनिक शाळा उघडण्यात आल्या.